स्वस्थ बसलेली लाळ

ठाकुर्ली (पूर्व),
सोमवार, १३ एप्रिल

तीर्थस्वरूप सहदेवमामा यांना नीरजाचा नमस्कार. (साष्टांग घालायचा विचार होता, पण आमच्या हॉलमध्ये अजून वीस प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या आहेत आणि आडवं व्हायला जागा नाही. उभ्याने केलेला मान्य करून घ्यावा.)

तुमचा डावा गुडघा कसा आहे? पंचविसाव्या पायरीनंतर कळ येते असं तुम्ही पाडव्याला म्हणाला होतात. पायऱ्या मोजून दुखणं सांगणारी माणसं आपल्या नात्यात तुम्ही आणि मी अशी दोनच, म्हणून विचारते की आकडा पुढे सरकला की मागे आला. कल्याणला पाणी वेळेवर येतं ना? इकडे आई बरी आहे, बाबा बरे आहेत आणि मीही बरी आहे. शेवटचं वाक्य रीत म्हणून लिहिलं. त्यातला माझ्याबद्दलचा भाग चुकीचा आहे, तो पुढे दुरुस्त करते.

ठाकुर्लीहून कल्याण एक स्टेशन, तरी पत्र लिहिते याची कारणं दोन. तुम्ही फोन बंद करून कपाटात ठेवता आणि फक्त रविवारी उघडता, आणि माझं काम रविवारच्या आत व्हायला हवं. दुसरं, फोनवर बोलायला लागले की आई स्वयंपाकघरातून उत्तरं द्यायला लागते. एरवी मी तुम्हाला ‘अरे मामा’ म्हणते, इथे ‘तुम्ही’ लिहिते आहे, कारण कागदावर ‘अरे’ फार मोठ्याने ऐकू येतं.

पाडव्याला तुम्ही तुमच्या शेजाऱ्यांना ‘आमची नीरजा दातांचं काहीतरी करते’ असं सांगितलंत. ते बरोबर नाही. ठाण्याच्या एका दंतमहाविद्यालयात मी प्रकल्पावरची तंत्रज्ञ आहे आणि मी लाळ मोजते. हसू नका. माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, म्हणजे तुमच्याकडच्या तांब्याभर, आणि ती आपण सगळीच्या सगळी गिळून टाकतो. तिच्यासाठी तीन जोड्या मोठ्या ग्रंथी आहेत. एक कानाच्या पुढे गालात (गालगुंड झालं की सुजते ती), एक जबड्याखाली आणि एक जिभेखाली. शिवाय ओठ, गाल आणि टाळूत शेकडो बारीक ग्रंथी आहेत, त्या किरकोळ विक्रेत्यांसारख्या आपापल्या जागी बसून थोडं थोडं देत असतात. माणूस खात नाही, खाण्याचा विचार करत नाही, घाबरलेला नाही, नुसता बसलेला आहे, अशा वेळी जी लाळ हळूहळू पाझरते ती विश्रांतीची लाळ. मिनिटाला साधारण शून्य पूर्णांक तीन मिलिलिटर. ही लाळ कमी झाली तर दात किडतात, घास उतरत नाही, बोलताना जीभ टाळूला चिकटते. म्हातारपणी ती खरोखर वयाने कमी होते की गोळ्यांनी, हा आमच्या प्रकल्पाचा प्रश्न.

आता माझी अडचण. माझी नेमणूक ३० एप्रिलला संपते. त्याआधी साठीच्या पुढची, तोंड कोरडं पाडणाऱ्या गोळ्या न घेणारी, धडधाकट अशी वीस माणसं शोधून त्यांची विश्रांतीची लाळ बरोबर मोजून दिली, तर मला दोन वर्षांची मुदतवाढ आहे. नाही दिली तर एक मेपासून मी घरी. (घरी बसलेल्या मुलीचं तुमची बहीण काय करते, हे तुम्हाला माहीत आहे. तिने आत्ताच तीन पत्रिका उशीखाली ठेवल्या आहेत.) माणसं मी शोधली. साठीच्या पुढे गोळ्या न घेणारी माणसं डोंबिवली परिसरात वाघापेक्षा दुर्मीळ आहेत. आमच्या कॉम्प्लेक्सच्या चारही इमारती पालथ्या घालून, एक महिना लावून, बरोबर वीस मिळाली. एकविसावा मिळालाच नाही. तेव्हा जे काही करायचं ते याच वीस जणांचं.

त्यांना ठाण्याला नेणं शक्य नव्हतं, म्हणून घरी नमुने घ्यायची परवानगी काढली. सोसायटीचे सेक्रेटरी हरिहरकाका, बँकेतून निवृत्त, स्वतः त्या विसांपैकी एक, अतिशय काटेकोर माणूस. त्यांनी उत्साहाने फलकावर सूचना लावली. आमच्या जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या फरशा लावल्या आहेत हे तुम्ही पाहिलंय, थुंकणाऱ्यांवर काकांचा फार राग. त्यामुळे सूचना अशी झाली: ‘जिन्यात थुंकू नये. रविवारी सकाळी नऊ वाजता नीरजाकडे थुंकावे.’ मी त्यांना सांगितलं की थुंकायचं नाहीये, मान खाली घालून, ओठ उघडे ठेवून, पाच मिनिटं लाळ आपोआप नळीत पडू द्यायची आहे. त्यांनी ‘थुंकावे’ खोडून ‘गळावे’ केलं.

शनिवारी संध्याकाळी फ्रीजचा प्रश्न निघाला. नमुने मोजल्यावर गार ठेवावे लागतात. आई म्हणाली, वीस घरांचं उष्टं माझ्या फ्रीजमध्ये, नैवेद्याच्या दुधाशेजारी? मी म्हटलं, उष्टं म्हणजे लाळ लागलेलं अन्न, ही नुसती लाळ आहे, हिला अन्न लागलेलंच नाही. आई दोन मिनिटं गप्प बसली. (शास्त्रीय मुद्द्याने आई गप्प बसल्याची माझ्या आठवणीतली ही एकमेव नोंद.) मग म्हणाली, म्हणजे उष्ट्यातलं अन्न काढून उरलेलं सगळं तू माझ्या फ्रीजमध्ये ठेवणार. मी कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडून थर्माकोलची पेटी आणि बर्फ आणला.

खरी गोष्ट आईच्या डोक्यात वेगळीच घोळत होती. वीस माणसं घरी येणार आणि नियमाप्रमाणे आधी दीड तास त्यांनी काही खायचं-प्यायचं नाही. आईला हे पटेना. लोक आपल्या दारात येऊन, तोंडातलं देऊन, तोंडात काही न घालता जाणार? मी बजावून सांगितलं की नमुना देईपर्यंत पाणीसुद्धा द्यायचं नाही. आई म्हणाली, ‘नाही देणार बाई, शपथ.’ आणि मामा, तिने शपथ अक्षरशः पाळली. नमुना देईपर्यंत कुणालाही काहीही दिलं नाही. फक्त तिने एक हिशेब केला: चैत्र सुरू आहे, बायका आयत्याच येणार आहेत, तर चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्याच दिवशी उरकून घ्यावं.

म्हणजे मी हॉलमध्ये चार-चार जणांना नळ्या देऊन पाच मिनिटांचं घड्याळ लावत होते, आणि पडद्यापलीकडे सहा फुटांवर आई अकरा कैऱ्या किसत होती. हिरव्या, करकरीत, आंबट कैऱ्या. डाळ वाटून ठेवलेली, हिंग-मोहरीची फोडणी तडतडलेली, पन्ह्यात वेलची कुटून घातलेली. तुम्ही विचाराल, तुला वास आला नाही का. मला आला नाही. मी नियमाप्रमाणे जाड मास्क लावला होता, आणि नमुना दिलेल्यांना आत डाळ-पन्हं मिळतंय हेही तराजूवरून मान वर न केल्याने दिसलं नाही. वीस जणांपैकी एकानेही मला सांगितलं नाही, कारण तोंड उघडं ठेवून मान खाली घातलेल्या माणसाला बोलता येत नाही, आणि बाहेर थांबलेल्यांना वाटलं की हा प्रयोगाचाच भाग आहे.

पहिला आकडा आला तेव्हा मी तराजू तपासला. दुसरा आला तेव्हा पुन्हा तपासला. (नळी आधी वजन करायची, मग लाळेसकट वजन करायची, एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. यात चुकायला जागाच नाही.) तळमजल्यावरच्या विमलाबाई, वय बहात्तर, मूळच्या राजापूरकडच्या, त्या आधी मला बाजूला घेऊन विचारत होत्या की लाळेत चोरून खाल्लेली साखर कळते का आणि कळली तर सुनेला सांगणार का. ‘कळणार नाही’ म्हटल्यावर निर्धास्त बसल्या आणि पंधरा मिलिलिटरची नळी काठोकाठ आणली. पाच मिनिटं झाली, मी थांबा म्हटलं. तर हात हलवून दुसरी नळी मागायला लागल्या. ‘अगो, येतंय ता येतंय, थांबवू कशी मी?’ हरिहरकाकांनी त्यांची नळी पाहिली आणि स्वतःच्या नळीवरच्या रेघा मोजल्या. ते दुसऱ्या तुकडीत होते, पण पुन्हा पाचव्या तुकडीत येऊन बसले. त्यांना उठवताना मला जरा आवाज चढवावा लागला.

वीस जणांची सरासरी आली मिनिटाला एक पूर्णांक चार. म्हणजे जगातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा चौपट-पाचपट.

मामा, मी सहसा हुरळत नाही, हे तुम्ही जाणता. दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा मी उत्तरपत्रिकेची फेरतपासणी मागितली होती. पण त्या रविवारी दुपारी मी हुरळले. मला वाटलं, हा शोध आहे. ठाकुर्ली पूर्वेला विश्रांतीची लाळ जगात सर्वांत जास्त. कारणं शोधायला लागले: पाणी? जमीन? शीळफाट्याकडून येणारा वारा? रात्री जेवताना मी बाबांना तोंड उघडून दाखवायला सांगितलं. (त्यांनी काहीही न विचारता दाखवलं. बाबांचा हाच गुण.) सोमवारी सकाळी मी आमच्या प्रमुख डॉ. मंदाकिनी मॅडमना मेल पाठवली, तिला शीर्षक दिलं ‘एका उपनगरातील अपवादात्मक लाळस्राव’, आणि शेवटी ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द दोनदा वापरला. मॅडमचं उत्तर एका ओळीचं होतं: सोडियम बघितलंस का?

बघितलं नव्हतं. बुधवारी बघितलं. (सोडियम म्हणजे मिठातला मुख्य भाग.)

हे जरा समजावून सांगते, कारण यात सौंदर्य आहे. ग्रंथीतल्या पेशी रक्तातल्या पाण्यापासून जी पहिली लाळ बनवतात ती रक्ताइतकीच खारट असते. मग ती बारीक नलिकांमधून तोंडाकडे निघते, आणि वाटेत नलिकेच्या भिंती तिच्यातलं मीठ परत काढून घेतात, पाणी मात्र परत जाऊ देत नाहीत. म्हणून तोंडात पोचते ती अळणी लाळ. (तिच्या अळणीपणामुळेच आपल्याला चिमूटभर मीठही कळतं.) आमच्या गेटवरचा वॉचमन कसा, एकेक पाहुणा आला की प्रत्येकाचं नाव, फ्लॅट नंबर, येण्याचं कारण, सगळं लिहून घेतो; पण वरात आली की वही मिटून सलाम करतो. नलिकेचं तसंच. लाळ हळू आली तर सगळं मीठ काढून घेतलं जातं. लोंढा आला तर वेळच मिळत नाही आणि लाळ खारट उतरते. माझ्या वीसच्या वीस नळ्या खारट होत्या. म्हणजे ती विश्रांतीची लाळ नव्हतीच. कुणीतरी वरात आणली होती.

घरी आले आणि ओल्या कचऱ्याची बादली मागितली. ती रोज जाते, पण कोयी आईने बाजूला ठेवल्या होत्या, कुंडीत लावून बघायला. अकरा कोयी. मी त्या ओट्यावर ओळीने मांडल्या आणि आईला बोलावलं. आई म्हणाली, ‘दिलं का कुणाला आधी? नाही ना दिलं? मग.’ मी म्हटलं, देण्याचा प्रश्न नाही, आंबट हे लाळेचं सर्वांत जबरदस्त कारण आहे. वास नाकात गेला, किसण्याचा आवाज कानात गेला, की मेंदूच्या देठातून ग्रंथींना हुकूम सुटला. आई जराशी लाजून म्हणाली, ‘सगळ्यांच्याच तोंडाला सुटलं होतं का गं? त्या अकराशे दोनवाल्यांच्यासुद्धा?’ (ते कुणाच्याच हातच्या स्वयंपाकाला बरं म्हणत नाहीत.) मी म्हटलं, दोन पूर्णांक एक. आईने तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.

मॅडमनी पुन्हा घ्यायला सांगितलं. दुसऱ्या रविवारी, म्हणजे पाच तारखेला, मी स्वयंपाकघर आदल्या रात्रीच धुऊन घेतलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघड्या टाकल्या आणि आईला सकाळी सातला बाबांबरोबर मानपाड्याला तिच्या मैत्रिणीकडे रवाना केलं. घरात अन्नाचा कण नव्हता. वीस जण आले, त्याच खुर्च्यांवर बसले, आणि त्यांनी एकदम स्वयंपाकघराच्या पडद्याकडे पाहिलं.

‘आज काय?’ विमलाबाई म्हणाल्या.

काही नाही, असं मी सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. मग वाट बघता बघता गेल्या रविवारच्या डाळीची चर्चा सुरू झाली. हिंग कच्चा घालावा की फोडणीत, कैरी किसावी की वाटावी, डाळ किती भरड हवी. विमलाबाई म्हणाल्या, त्यांच्या माहेरी वरून ओलं खोबरं पडायचं. हरिहरकाका म्हणाले, खोबऱ्याने आंबटपणा मरतो. त्यावर विमलाबाई म्हणाल्या, ‘तुमच्या घाटावर कैरी तरी धड मिळायची काय हो? तुम्ही चिंच खाऊन मोठे झालात.’ मी मोजत होते. सरासरी शून्य पूर्णांक नऊ. मी बोलणं बंद करवलं. मग ते गप्प बसून पडद्याकडे बघत राहिले. शून्य पूर्णांक सात. मी पडदा काढून टाकला, आत रिकामा ओटा दाखवला. हरिहरकाका म्हणाले, ‘ठेवलं असेल कुठेतरी झाकून. विनिताताई असं करणार नाहीत.’ विनिताताई म्हणजे आपली आई.

रशियात कुत्र्यांना घंटा ऐकवून लाळ आणण्याचा तो प्रयोग तुम्ही शाळेत शिकला असाल. त्या कुत्र्यांना पुन्हा पुन्हा शिकवावं लागलं होतं. आईने वीस निवृत्त माणसं एका रविवारात तयार केली, तीही नकळत, आणि घंटा न वापरता. आमच्या पुस्तकात लिहिलंय की माणसात नुसत्या आठवणीने लाळेत फारसा फरक पडत नाही. ते लिहिणाऱ्याकडे चैत्रात हळदीकुंकू होत नसावं.

हे सगळं मी खरं खरं कळवलं. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, तिसऱ्या रविवारी मी स्वतः येते.

आता मॅडम. उंच, पांढरा कोट, कधीही मोठ्याने बोलत नाहीत, आणि त्यांनी नुसतं पाहिलं तरी माणसाला आपण फी भरली नाही असं वाटतं. काल सकाळी नऊला एक मिनिट कमी असताना त्या आल्या. चपला काढल्या, हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या, हातात घड्याळ घेतलं आणि म्हणाल्या, ‘घाबरू नका. मी फक्त बघणार आहे.’ त्याच क्षणी, मामा, माझ्या डोळ्यांदेखत वीस तोंडं सुकली. वाळवंट. विमलाबाई, ज्यांनी दोन रविवारी नळ्या भरून दिल्या होत्या, मान खाली घालून पाच मिनिटं बसल्या आणि त्यांच्या नळीत चार थेंब पडले. त्यांना स्वतःलाच इतकं वाईट वाटलं की त्या मॅडमचा हात धरून म्हणाल्या, ‘बायो, गेल्या खेपेला धबधबा होता हो, नीरजाला विचारा.’ हरिहरकाकांनी तर उठून, दोन्ही हात जोडून, सोसायटीच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली.

याचंही कारण सोपं आहे. आमच्या टाकीचा पंपवाला कसा खाली खोलीत बसतो, तसं मेंदूच्या देठात लाळेचं केंद्र असतं आणि तिथून ग्रंथींना हुकूम जातात. हुकमाच्या तारा दोन प्रकारच्या. एका तारेने भरपूर, पाण्यासारखी पातळ लाळ येते. दुसरीने थोडी आणि घट्ट, चिकट. लोकांना वाटतं दुसरी तार लाळ बंद करते. तसं नाही, तीही सोडायलाच सांगते, पण हात आखडून. खरं बंद होतं ते वरून: माणूस घाबरला की मेंदूचा वरचा मजला पंपवाल्याला ओरडून सांगतो की गप्प बस. मग पातळ लाळ थांबते आणि चिकट तेवढी उरते. मुलगी बघायला आलेल्यांसमोर बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते ती याच कारणाने. (हे मला कसं माहीत, ते विचारू नये.)

सरासरी आली शून्य पूर्णांक शून्य पाच. शून्य पूर्णांक एकच्या खाली गेलं की आमच्याकडे ‘कोरडं तोंड’ म्हणून नोंद होते आणि तपासणीला पाठवतात. मॅडमनी तिन्ही रविवारचे आकडे शेजारी शेजारी ठेवले: एक पूर्णांक चार, शून्य पूर्णांक सात, शून्य पूर्णांक शून्य पाच. तीच माणसं, त्याच खुर्च्या, तीच वेळ. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, ‘यातली खरी लाळ कुठली, नीरजा?’

मला उत्तर ठाऊक होतं. अजूनही आहे. उत्तर असं की तिन्ही खऱ्या आहेत, आणि मला हवी ती चौथी आहे. पण बोलायला तोंड उघडलं तर जीभ हलेना. मी, जिला या विषयातलं सगळं पाठ आहे, मॅडमसमोर नुसती ओठ हलवत उभी होते. मॅडमनी माझ्याच टेबलावरची रिकामी नळी उचलली आणि माझ्या हातात दिली. ‘पाच मिनिटं,’ म्हणाल्या. मी वीस जणांच्या समोर मान खाली घालून बसले. शून्य पूर्णांक शून्य दोन. हॉलमधला सर्वांत कमी आकडा. विमलाबाईंना इतकं बरं वाटलं की काही विचारू नका.

जाताना मॅडमनी जिन्यात (देवांच्या फरशांपाशी) थांबून सांगितलं की त्या पुन्हा येणार नाहीत, त्या आल्याने काय होतं ते त्यांना दिसलं आहे. अजून एक रविवार देतात, एकोणीस तारीख. जागा मी निवडायची. शून्य पूर्णांक दोन ते शून्य पूर्णांक पाचच्या मधले वीस आकडे आणि अळणी लाळ आली तर मुदतवाढीच्या कागदावर त्या सही करतील. नाही आली तर प्रकल्प माझ्याशिवाय पुढे जाईल. हे त्यांनी वाईट वाटून सांगितलं, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

असो. अशी सगळी हकीकत. तुम्हाला करमणूक व्हावी म्हणून लिहिली, बाकी काही नाही. गुडघ्याला तिळाचं तेल लावता ना? तब्येतीला जपावं, आणि लहानांना सांगायचा तो आशीर्वाद या वेळी जरा मोठ्या मापाने पाठवावा.

तुमची भाची,
नीरजा

ता. क. वर ‘बाकी काही नाही’ लिहिलं आहे ते बरोबर नाही. मला येत्या रविवारी सकाळी दोन तास तुमचं घर हवं आहे.

दुसरा ता. क. तुमचंच का, हे विचाराल, म्हणून सांगते. मी कागदावर लिहून काढलं की मला कशी जागा हवी. जिथे माणसाला भीती वाटत नाही, आणि जिथे माणसाच्या तोंडाला पाणी सुटत नाही. पहिल्या अटीवर सात घरं राहिली. (तुम्ही त्यांत वरचे. तुमच्या दारात आलेली मांजरंही तुम्हाला बघून उठत नाहीत.) दुसऱ्या अटीवर एकच राहिलं. मामा, तुम्ही अकरा वर्षांपूर्वी तेल, मीठ, तिखट, आंबट आणि गोड एकाच दिवशी सोडलंत आणि तेव्हापासून उकडलेला दुधी आणि जवाचं पाणी एवढ्यावर आहात. या निश्चयाबद्दल मला आदर आहे. पण गेल्या दिवाळीत तुमच्याकडे जेवायला बसले होते तेव्हा पर्समध्ये एक नळी होती. तुम्ही हातपाय धुवायला गेलात त्या पाच मिनिटांत मी माझीच लाळ मोजली. ताट समोर वाढलेलं, भूक लागलेली, वास सरळ नाकात. शून्य पूर्णांक तीन एक. पुस्तकातला आकडा.

तिसरा ता. क. हे आईला कळू देऊ नये. वीस जणांना मी ‘सहल’ सांगितली आहे, हरिहरकाकांनी गाडी ठरवली आहे आणि शेवटच्या क्षणापर्यंत ठिकाण गुप्त ठेवायचं कबूल केलं आहे. तुम्ही आमच्यासाठी काही वेगळं करू नका. रोजचा दुधी रोजच्यासारखा उकडू द्या, झाकणही काढून ठेवा. कुणी विचारलं आत काय शिजतंय, तर खरं सांगा. माझं अर्धं काम तिथेच होईल.

चौथा आणि शेवटचा. तुम्हीही साठीच्या पुढचे, गोळी न घेणारे, धडधाकट. म्हणजे ज्या एकविसाव्यासाठी मी चार इमारती फिरले, तो तुम्ही होता. तरी त्या दिवशी तुम्ही नळी मागू नका, मला नाही म्हणायला जड जाईल. दिवाळीत दुधी पातेल्यातून ताटात वाढताना तुम्ही दोनदा आवंढा गिळलात आणि ओठांवरून जीभ फिरवलीत. मी बघितलं. त्या घरात विश्रांतीची लाळ तुमच्याखेरीज सगळ्यांची मिळेल.